मिठाच्या सोबतीची साखर

जुलाब लागले किंवा उन्हानं अंगातलं पाणी गेलं, की घरात सल्ला ठरलेला असतो: काहीतरी इलेक्ट्रोलाइट घे. धडधाकट पोटाला तो पुरतो. पण इरिटेबल बॉवेल सिंड्रोमसाठी लो-फॉडमॅप आहार पाळणारे, सीलिअ‍ॅकमुळे गहू सोडलेले किंवा आतड्याच्या सुजेसाठी स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट, म्हणजे एससीडी, धरलेले लोक मेडिकलच्या काउंटरवर अडखळतात. उपाय म्हणून घेतलेल्या पेयानंच पोट पुन्हा बिघडलं तर?

दोष मिठाचा नसतो. सोडियम, पोटॅशियम, सायट्रेट यांना यांपैकी कोणत्याच पथ्यात मनाई नाही. अडचण सोबत आलेल्या गोडव्याची.

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये फॉडमॅप ही संज्ञा मांडली. लहान आतड्यात नीट न शोषले जाणारे, पाणी ओढून घेणारे आणि पुढं मोठ्या आतड्यात आंबून वायू करणारे हे पदार्थ. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल त्यातलेच. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या ‘शुगर-फ्री’ गोळ्यांमध्ये सॉर्बिटॉल बऱ्याचदा असतं. नाजूक आतड्याच्या माणसाला त्यानंच ढाळ लागू शकतात. फायबर म्हणून कौतुकानं घातलेलं इन्युलिनही याच गटातलं.

मधाची गंमत वेगळी. त्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त, म्हणून लो-फॉडमॅपमध्ये तो टाळतात. एससीडीत मात्र मध चालतो आणि घरातली साधी साखर वर्ज्य. एका पथ्याची यादी दुसऱ्या पथ्याला लावून चालत नाही ती अशी.

मग गोड नकोच, असं म्हणावं तर तेही चूक. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांतून वाटलं. तिथलं ३० टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात, म्हणजे आपल्या जलसंजीवनीत, लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. लॅक्टोज नाही, फ्रुक्टोज नाही, गहू नाही. पथ्यकऱ्यांसाठी याहून सरळ पेय शोधून सापडणार नाही. फक्त स्वाद घातलेलं पाकीट असेल तर घटकांची यादी वाचावी. आणि पूर्ण लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालावं. पेलाभर पाण्यात अंदाजानं ओतलेली भुकटी फार तीव्र होते.

खेळाडूंच्या पेयांत लिटरला साठेक ग्रॅम साखर असते आणि सोडियम जलसंजीवनीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. घामासाठी ती ठीक, जुलाबासाठी नाहीत. नावावर तर मुळीच विसंबू नये. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेयं आपल्याकडे वर्षानुवर्षं औषधांच्या दुकानांत विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली.

मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियमचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. हे शहाळ्यालाही लागू: त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. लो-फॉडमॅपवाल्यांनी तर शहाळ्याचं पाणी अर्ध्या कपापलीकडे घेऊ नये, कारण त्यात सॉर्बिटॉल असतं.

ताकात लॅक्टोज उरतं. मसाला ताकातल्या बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं, आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला ते चिमूटभरही नको. त्यापेक्षा मीठ घातलेली तांदळाची पेज बरी. लो-फॉडमॅप आणि सीलिअ‍ॅक, दोन्ही पथ्यांत ती बसते. एससीडीत मात्र तांदूळच वर्ज्य, त्यामुळे त्या घरात पेजेच्या वाटीऐवजी जलसंजीवनीचं साधं पाकीटच फोडावं लागतं.