तलवारीनं केक कापणारा ग्रुप कायद्यानं ‘टोळी’ कधी ठरतो?

रात्रीचे बारा. चौकात बुलेट उभी, सीटवर केक, भोवती दहा-बारा पोरं आणि कुणीतरी पुढे केलेली तलवार. सकाळपर्यंत रील गावभर फिरते आणि दुपारी पोलीस ठाण्यातून फोन येतो. बुलढाणा असो, खामगाव असो की मलकापूर, हे चित्र आता कुणाला नवं नाही.

नेतेही मागे नाहीत. बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला. व्हिडिओ पसरला, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. कुणाला इजा करण्याचा हेतू नसेल तर यात गुन्हा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गल्लीतली पोरंही नेमकं हेच म्हणतात.

पण शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ मध्ये प्रश्न हेतूचा नाही. सरकारनं अधिसूचित केलेल्या भागात ठराविक शस्त्रं परवान्याशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं यात मोडतात. शिक्षा १ ते ३ वर्षं. निव्वळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेली अवजारं मात्र वगळली आहेत. म्हणून उसाच्या फडात कोयता चालतो. तोच चौकात नाचवला, तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश आड येतो, कारण त्यात इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू धरलेली असते. पुण्यातल्या ‘कोयता गँग’मुळे हा विषय राज्यभर गाजला.

मग टोळी कधी? बातमीत हा शब्द लगेच येतो, कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ ची संघटित गुन्हेगारी लावायची, तर मागच्या १० वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं कोर्टात गेलेली असावी लागतात. मोक्कातही अट तशीच आहे. म्हणजे पहिली केस ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली, तरी ती मोजणीत धरली जाऊ शकते. कलम ११२ चा उंबरठा खालचा आहे. गटानं चोरी, हिसकावणं किंवा जुगार चालवणं एवढंही पुरतं आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते.

त्याआधीही एक हत्यार पोलिसांकडे असतं, तडीपारी. पोलीस कायद्याच्या कलम ५५ नुसार जिल्हा पोलीस अधीक्षक अख्ख्या टोळीला २ वर्षांपर्यंत हद्दपार करू शकतात. त्यासाठी कोर्टानं आधी दोषी ठरवलेलं असण्याची गरज नाही. कॉलेज, घरची पेरणी, सगळं मागे राहतं.

एकाच रीलमधल्या १७ आणि १९ वर्षांच्या पोरांची वाट मात्र वेगळी असते. अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा कायद्यात ‘क्षुल्लक’ गटात येतो, त्याची चौकशी ४ महिन्यांत संपवायची असते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अशा प्रकरणात एफआयआरही नोंदवायचा नसतो, फक्त ठाण्याच्या डायरीत नोंद होते. पण गुन्हा प्रौढांसोबत केल्याचा आरोप असेल तर ही सवलत जाते. हे पोरांना क्वचितच माहीत असतं. १९ वर्षांचा ‘भाई’ शेजारी उभा आहे, एवढ्यानंच १७ वर्षांच्या पोराचं नाव एफआयआरमध्ये येऊ शकतं.

तरीही बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याच्या पाठीशी राहतं. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांना त्याची नोंद उघड करता येत नाही, प्रकरण प्रलंबित असलं तरी.

१९ वर्षांच्या पोराला हे कवच नाही. आणि पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांच्या जिल्ह्यात खरा फटका इथे बसतो. निवड झाल्यावर भराव्या लागणाऱ्या साक्षांकन नमुन्यात गुन्ह्यांची माहिती विचारलेली असते. बरेच जण तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात आणि पडताळणीत सापडतात. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये याच मुद्द्यावर निकाल दिला. माहिती खरीच द्यावी लागते आणि लपवली तर नियुक्ती रद्द होऊ शकते. मात्र गुन्हा किरकोळ असेल, तर नियुक्ती देणाऱ्या अधिकाऱ्याला तो माफ करण्याची मुभा आहे. न्यायालयानं त्यासाठी उदाहरण दिलं ते तरुण वयातल्या घोषणाबाजीचं.