पंधराशेंचा कोटा आणि मनाचा हिशेब

2024 च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घरदार सोडावे लागलेल्यांची जगातली संख्या 12 कोटी 32 लाखांवर पोहोचली. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख भरली होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे एकूणएक घर तेव्हा ओस पडले असते, तरी हा आकडा गाठला गेला नसता.

यांतले सीमा ओलांडलेले निर्वासित 4 कोटी 27 लाख. त्यांपैकी त्या वर्षी तिसऱ्या देशात पुनर्वसन झाले 1,88,800 जणांचे, म्हणजे सव्वादोनशेंत एकाचे. न्यूझीलंडचेच पाहा. निर्वासितांना घेण्याचा त्याचा वार्षिक कोटा 1500 आहे. 2018 पर्यंत बरीच वर्षे तो 750 होता. आजच्या वेगाने एकट्या न्यूझीलंडने सगळ्या 4 कोटी 27 लाखांना घ्यायचे म्हटले, तर 28 हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

एवढ्या गर्दीतून ऑकलंडच्या मांगेरे इथल्या निर्वासित केंद्रात पोहोचलेला माणूस सुटला, असे आपल्याला वाटते. पण 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये 20 पाहण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे 7000 निर्वासित होते. पाश्चात्त्य देशांत स्थायिक झालेल्या प्रौढ निर्वासितांपैकी सुमारे 9 टक्क्यांना आघातानंतरचा तणावविकार आढळला. तिथल्या समवयस्कांच्या सुमारे दहापट. हेच प्रमाण धरले तर 1500 प्रौढांमागे 135 जण.

हे सारे युद्धाच्या आठवणींमुळेच होते का? त्याच वर्षी 56 अभ्यासांतल्या 67,294 लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. स्थलांतरानंतरची परिस्थितीही मन खचवते, असे तीतून दिसले. छावणीसारख्या निवाऱ्यात राहणारे आणि कमाईच्या वाटा बंद असलेले अधिक खचलेले होते. जास्त शिकलेल्यांची आणि मायदेशी सुस्थितीत असलेल्यांची अवस्थाही अधिक वाईट होती. ज्याची पदवी नव्या देशात कुणी विचारत नाही, त्याने घराबरोबर स्वतःची ओळखही गमावलेली असते.

आधार कसा असावा, याचे उदाहरण न्यूझीलंडच्याच इतिहासात आहे. 1944 मध्ये मुंबईहून निघालेले जहाज 1 नोव्हेंबरला वेलिंग्टनला पोहोचले. त्यात 733 पोलिश मुले होती. सोव्हिएत हद्दपारीतून वाचलेली, बहुतेक आई किंवा बाप गमावलेली, कित्येक पुरती अनाथ. सोबत 105 मोठी माणसे आली, म्हणजे दर सात मुलांमागे त्यांच्या भाषेत बोलणारे एक. त्यांना ठेवलेल्या पाहियाटुआच्या छावणीत शाळाही पोलिश भाषेतच भरत असे.

आज न्यूझीलंडमध्ये आधीच स्थायिक झालेल्या निर्वासितांना नातलग बोलावण्यासाठी वर्षाला 600 जागा आहेत. पूर्वी 300 होत्या. मागे राहिलेल्यांच्या काळजीने ज्याची झोप उडाली आहे, त्याला यातली एक जागा औषधाइतकीच मोलाची वाटेल. त्याच्या गावावर पडलेला बॉम्ब न्यूझीलंडच्या सरकारला थांबवता आला नसता. पण नातलगांसाठी जागा, पदवीला मान्यता, दवाखान्यात दुभाषी आणि हाताला काम देणे त्याला जमण्यासारखे आहे. माणसाला देशात घेतल्यावर हे देणे टाळता कामा नये.