नर्सिंगला प्रवेश घेताय? आधी हे तपासा

बारावीचा निकाल लागला की अंबरनाथ पूर्वेच्या माझ्या दवाखान्यात पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, सहा महिन्यांत नर्स करून देतात म्हणे. मुलीला घालू का?" सहा महिन्यांत कोणीही परिचारिका होत नाही.

एएनएमला दोन, जीएनएमला तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे लागतात. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली, तरच ती परिचारिका. अल्प मुदतीच्या कोर्सने रुग्णांची मदतनीस होता येते. ते कामही मोलाचेच. पण परिचारिकेच्या जागेसाठी तो कागद चालत नाही.

नुसत्या मान्यतेच्या कागदावरही भागत नाही. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची तपासणी सीबीआयकडे सोपवली होती. २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आहे का, ते पाहा. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता तपासा. मुली कोणत्या रुग्णालयात काम शिकतात ते विचारा आणि तेथे स्वतः जाऊन या. खाटा रिकाम्या आणि वॉर्डात विद्यार्थिनी नाहीत, तर समजून घ्या. सलाईन लावणे फळ्यावर शिकता येत नाही. प्रत्येक रकमेची पावती घ्या. मूळ गुणपत्रिका सहजासहजी हातची सोडू नका.

फी भांडून कदाचित परत मिळेल. मुलीची वाया गेलेली वर्षे मिळत नाहीत.