वरकड खर्च कोणत्या कामावर टाकावा?

बैल नांगराला जुंपतो फार तर चार महिने. वैरण मात्र त्याला बारा महिने लागते. म्हणून भाड्याने नांगर देणारा शेतकरी वर्षाची वैरण ध्यानात धरूनच दिवसाचा दर सांगतो. घरच्या मुलाने वेल्डिंगचे दुकान घातले की हाच हिशेब विसरला जातो.

कर्जत-खालापूर भागात शेतघरे वाढली, तशी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्यांची कामेही वाढली. भातशेतीला जोड म्हणून हा धंदा चांगला. पण हाताला काम असूनही दिवाळीला कर्जाचा हप्ता निघत नसेल, तर दर तपासावा.

लोखंड व मजुरी कोणत्या कामाला किती लागली, ते डोळ्यांना दिसते. भाडे, वीज, व्याज, यंत्रांची झीज हा वरकड खर्च कोणा एका कामाचा नसतो. तो सगळ्या कामांवर वाटावा लागतो. जागा घरची असली तरी तिचे भाडे धरावे. कृषी खर्च व मूल्य आयोगही भाताच्या 'सी-२' खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड धरतोच.

समजा, वर्षाचे भाडे २४,००० रुपये, वीज ६,०००, यंत्रांची झीज १०,०००, व्याज ८,००० आणि दुरुस्ती व किरकोळ १२,०००. एकूण ६०,०००, म्हणजे महिना ५,०००. उघडिपीच्या आठ महिन्यांत दरमहा २०० तास काम होते, पावसाळ्यात १००. महिन्यागणिक वाटणी केली, तर तासाला उन्हाळ्यात २५ रुपये आणि पावसाळ्यात ५० पडतात. गेट तेच, खर्च मात्र दुप्पट! म्हणून वर्षाचा खर्च वर्षाच्या २,००० तासांनी भागावा. दर येतो तासाला ३० रुपये.

काहीजण लोखंडाच्या किमतीवर सरसकट दहा टक्के वरकड लावतात. त्यात काय होते पाहा. गेटाला लोखंड १२,००० रुपयांचे, काम २० तास. नक्षीच्या जाळीला लोखंड ४,००० चे, काम ३० तास. मजुरी तासाला १०० रुपये. टक्केवारीने गेट १५,२०० ला पडते आणि जाळी ७,४०० ला. तासांनी मोजले तर गेट १४,६०० आणि जाळी ७,९००. जाळी ७,५०० ला विकून शंभर सुटले असे वाटते. प्रत्यक्षात चारशे गेले. उलट गेट महाग वाटून गिऱ्हाईक खोपोलीला जाते. फायद्याचे काम जाते, तोट्याचे तेवढे दारात उरते.

तेव्हा प्रत्येक कामाचे तास वहीत मांडा. वर्षअखेर २,००० ऐवजी १,८०० तासच भरले, तर वसूल झाले ५४,०००. सहा हजार अंगावर आले. पुढच्या वर्षाचा दर ठरवताना तास जपून धरा. घरातील शिकलेल्या सूनबाईंनी किंवा लेकीने ही वही सांभाळली, तर फारच उत्तम.