काळी फुली की पेटता ठिपका?

जर्मनीत मक्याच्या शेताला लागून जंगल असेल, तर त्या कडेला बहुतेक वेळा एखादं लाकडी मचाण दिसतं. सूर्य मावळून दोन तास झालेत, वर चंद्र आहे आणि बांधावर काहीतरी गडद हलतंय. रानडुक्कर! मचाणावरचा शिकारी रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावतो. डुक्कर दिसतं, मक्याची ताटंही दिसतात. मग दिसत काय नाही? ज्या फुलीने नेम धरायचा, नेमकी ती फुली! काळ्या अंगावर काळ्या रेघा. भर दुपारी ठसठशीत दिसणारी ती फुली आता शोधूनही सापडत नाही.

खूर असलेल्या इतर जनावरांची रात्री शिकार करायला जर्मन कायद्याने मनाई आहे, रानडुकराला मात्र त्यातून वगळलंय. कायद्याच्या लेखी रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर दीड तासापासून सूर्योदयाच्या दीड तास आधीपर्यंतचा काळ. त्यामुळे तिथल्या शिकाऱ्याला दुकानात हा प्रश्न हमखास पडतो: साध्या काळ्या फुलीची दुर्बीण घ्यावी, की मधोमध लाल ठिपका पेटणारी? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपला. पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपल्याच डोळ्याबद्दल जे कळतं, ते थक्क करणारं आहे.

आधी ही फुली दुर्बिणीत आली कशी ते पाहू. १६४० च्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण ताऱ्यांचा अभ्यास करत होता. एके दिवशी त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ताणला. गॅस्कॉइनने डोळा लावला, तर दूरचं दृश्यही स्वच्छ आणि धागाही स्वच्छ! हे कसं शक्य आहे? एक गोष्ट कोसभर लांब, दुसरी नळीच्या आत!

खुबी अशी, की दुर्बिणीचं पुढचं भिंग दूरच्या दृश्याची एक छोटी प्रतिमा नळीच्या आतच, हवेत तयार करतं. डोळ्याजवळचं भिंग तीच प्रतिमा मोठी करून दाखवतं. कोळ्याचा धागा योगायोगाने बरोबर त्या प्रतिमेच्या जागी आला होता. म्हणून दोन्ही एकाच पातळीवर, एकाच वेळी दिसले. साध्या बंदुकीने नेम धरताना मागची खाच, पुढचा खुंट (माशी) आणि लांबचं लक्ष्य अशा तीन अंतरांवर नजर लावावी लागते, आणि माणसाच्या डोळ्याला ते एका वेळी जमतच नाही. दुर्बिणीने ती तीन अंतरं एकाच पातळीवर आणून ठेवली.

याहून मोठं नवल पुढे आहे. रात्र फार काळोखी असली की गॅस्कॉइनला आपला धागा दिसेना. मग त्याने काय केलं? कंदिलात मेणबत्ती ठेवली आणि तिचा उजेड बेताने दुर्बिणीत पडेल अशी सोय केली. म्हणजे फुली ज्याने शोधली, त्यानेच ती पहिल्यांदा उजळली! १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. पण आज बॅटरीवर चालणाऱ्या दुर्बिणीत जे घडतं, त्याचं मूळ त्याच्या त्या मेणबत्तीत आहे.

पुढे दुर्बिणींच्या फुलीसाठी कोळ्याचा धागाही कित्येक वर्षं वापरात राहिला. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेत त्यासाठी कोळी पाळले गेले. आता फुली बारीक तारेची असते किंवा काचेच्या चकतीवर कोरलेली. कोरलेली फुली उजळण्याची युक्ती फार देखणी आहे. चकतीच्या कडेला एक इवलासा एलईडी बसवतात. त्याचा उजेड काचेतून आडवा निघून जातो आणि डोळ्याला जाणवतही नाही. पण तो कोरलेल्या खाचेवर आदळला की विखुरतो आणि डोळ्याकडे वळतो. काच काळोखी राहते, फक्त खाच पेटते. आणि लेसरसारखा हा ठिपका जनावरावर पडत नाही. तो दुर्बिणीच्या आतच असतो, पाहणाऱ्यासाठी.

पण ठिपका लालच का? आणि मधोमधच का? आता डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. आपण एखाद्या वस्तूकडे रोखून पाहतो तेव्हा तिची प्रतिमा पडद्याच्या ज्या मध्यबिंदूवर पडते, तिथे दंडपेशी नसतातच! म्हणजे अंधारात आपण जिथे रोखून पाहतो, नेमके तिथेच आपण जवळजवळ आंधळे असतो. खात्री करायची असेल, तर आज रात्री गच्चीवर जा. एखादा अगदी फिका तारा निवडा आणि त्याच्याकडे थेट बघा. तो नाहीसा होईल. नजर किंचित बाजूला न्या, तो परत येईल.

आता शिकाऱ्याची अडचण लक्षात येते. बारीक फुलीचा मध्य बरोबर त्या आंधळ्या जागेवर येतो. लाल ठिपक्याची करामत इथेच आहे. लाल उजेड मध्यातल्या शंकूपेशींना दिसतो, पण दंडपेशींना तो फारसा जाणवत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास तरी लागतो. मंद लाल ठिपका ती कमाई फारशी न उधळता नेमाची जागा दाखवतो.

मंद हा शब्द मात्र विसरायचा नाही. समोरून फुल हेडलाइट लावलेला ट्रक आला की पुढचा रस्ता दिसेनासा होतो ना? ठिपका भडक ठेवला की जनावराचं तसंच होतं. म्हणून रात्रीसाठी दुर्बीण पारखताना ठिपका किती प्रखर होतो याला महत्त्व नाही, तो किती मंद करता येतो हे पाहायचं. चांगल्या दुर्बिणीच्या बटणावर बहुधा दर दोन आकड्यांच्या मध्ये बंदची जागा असते. आपल्याला हवा तो मंदपणा एका खटक्यावर मिळतो, अंधारात सगळं बटण फिरवत बसावं लागत नाही.

मग साधी काळी फुली बाद झाली का? मुळीच नाही! जर्मन शिकाऱ्यांच्या 'क्रमांक ४' फुलीचंच घ्या. डावीकडून, उजवीकडून आणि खालून अशा तीन जाड पट्ट्या मध्याकडे येतात आणि मधे बारीक फुली असते. उजेड कमी झाला की बारीक रेघा जातात, पण जाड पट्ट्या टिकतात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा मध्य नजर आपोआप शोधते. बॅटरी नाही, बटण नाही, थंडीत बंद पडण्याची भीती नाही.

उजेड गोळा करण्याचं काम तर फुलीचं नाहीच, ते भिंगाचं. जर्मन मचाणावरची जुनी लाडकी दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी आणि ५६ मिलिमीटर भिंगाची. ५६ ला ८ ने भागा: ७. डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी ७ मिलिमीटर, आणि तरुण डोळ्याची बाहुली अंधारात जास्तीत जास्त उघडते तीही साधारण तेवढीच! वय वाढलं की बाहुली तेवढी उघडत नाही. मग उरलेला उजेड बाहुलीच्या कडेवर पडून वाया जातो.

तर निवड अशी करावी. शिकार दिवसाउजेडी आणि मोकळ्या माळावर असेल, तर काळी फुली पुरे. उजळ पार्श्वभूमीवर काळ्या रेघेइतकं ठळक दुसरं काही नाही. संधिप्रकाशात, दाट झाडीत किंवा चंद्राच्या उजेडात गडद जनावर असेल, तर पेटता ठिपका घ्यावा. मात्र बॅटरी संपल्यावरही ज्यातली काळी फुली स्वतःच्या बळावर काम देईल, असाच घ्यावा. आणि दोन्ही बाबतींत नियम एकच: फुली किंवा ठिपका नेम कुठे आहे ते सांगतो, समोर काय आहे ते सांगत नाही. जनावर नीट ओळखू येत नसेल, तर चापावरचं बोट काढून घ्यावं.