तिसरी तार

आमच्या अम्मीला पहाटेच्या नमाजाआधी वजू करायला कोमट पाणी लागायचं. 2009 च्या थंडीत एकदा ती म्हणाली, "अरे, न्हाणीतला नळ चावतो." मी हसलो. या वयात हाताला मुंग्या येतातच, असं सांगून मोकळा झालो. चार दिवसांनी तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मात्र मी स्वतः ओल्या हाताने नळाला बोट लावलं आणि झटकन मागे सरलो. नळ खरोखरच चावत होता.

वायरमन आला. त्याने दिव्याची एक तार फेजला आणि दुसरी न्यूट्रलला लावली. दिवा लख्ख पेटला. मग न्यूट्रलची तार काढून अर्थिंगच्या छिद्रात घातली. दिवा पेटलाच नाही. बोर्ड उघडून पाहिलं, तर वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती. गिझर बसवणारा तीन पिनांचा प्लग लावून गेला होता. त्यातली तिसरी पिन नुसती शोभेची होती. वर्षभर काही बिघडलं नाही, कारण आतलं सगळं नवं होतं. हीटरच्या कांडीला बारीक तडा गेला, आणि मग त्या नसलेल्या तारेची आठवण झाली.

त्यानंतर मी गिझर समजून घ्यायचं ठरवलं. मी कला शाखेचा माणूस, विज्ञानाशी शाळेनंतर संबंध नाही. पण मंडळी, ही गोष्ट अवघड नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी तांब्याचा बंब पाहिला असेल. काही बंबांना नळच नसे. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं, की तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर पडे. गार पाणी जड, ते तळाशी जातं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं. गिझर हा तोच बंब आहे. गार पाणी टाकीच्या तळाशी सोडलं जातं आणि ते वरचं गरम पाणी नळीतून बाहेर ढकलतं. जाळाच्या जागी विजेची कांडी आली, एवढाच फरक.

ही कांडी बहुधा 2000 वॉटची असते, म्हणजे सुमारे 9 अँपिअर वीज ओढते. तिच्यासाठी 16 अँपिअरचा प्लग, मीटरपासून स्वतंत्र तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी हवा. दिव्याच्या बोर्डातून जोड घेऊ नये. बटण न्हाणीच्या बाहेर असावं. कांडीच्या आत तापणारी तार असते आणि तिच्याभोवती वीज अडवणारी पांढरी पूड. वरच्या धातूच्या नळीला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि वीज पाण्यात उतरते. अर्थिंग ठीक असेल, तर ती तिसऱ्या तारेने जमिनीत निघून जाते. नसेल, तर पाण्यातून आणि नळातून आपल्या हातापर्यंत येते. पाइप प्लास्टिकचे आहेत म्हणून निर्धास्त राहू नये, पाणीही वीज वाहून नेतं. अर्थिंगच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो वीज तोडतो. तो सारखा पडतो म्हणून काही जण वायरमनला सांगून तो काढूनच टाकतात. राखणदार भुंकतो म्हणून त्याला हाकलून देण्यासारखंच हे. तो पडतो, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

आता बसवण्याचं. 25 लिटरच्या गिझरमध्ये पाण्याचंच वजन 25 किलो, वर टाकीचं वेगळं. तो भक्कम भिंतीवर पक्क्या बोल्टांनीच टांगावा, पातळ आडभिंतीवर नको. कांडी बाहेर काढता येईल एवढी जागा सोडावी, नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला गिझर उतरवावा लागतो. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, सीपीव्हीसी किंवा लोखंडी हवा. आणि टाकी भरल्याशिवाय बटण कधीही दाबू नये. आधी गरम पाण्याचा नळ सोडा, धार एकसारखी पडू लागली की मगच वीज. कोरडी कांडी थोड्याच वेळात जळते.

गिझरला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो ठिबकला की लोक वैतागतात. पण पाणी तापलं की फुगतं. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर नेलं, तर ते जवळजवळ दीड पेला वाढतं. परतीची वाट बंद असेल, तर ते जाणार कुठे? तापताना थोडं ठिबकणं म्हणजे व्हॉल्व्ह काम करतो आहे. सतत धार लागली, तर मात्र तो बदलावा. पण त्याच्या तोंडाला मेण किंवा एम-सील कधीही लावू नये. बंद टाकीत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जातं. अशी टाकी फुटली, तर त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. थर्मोस्टॅट बिघडला, तर वीज तोडायला कटआउट असतो आणि तोही चुकला, तर शेवटचा आधार हा व्हॉल्व्हच. कटआउट वारंवार पडत असेल, तर नुसतं त्याचं बटण दाबू नका, थर्मोस्टॅट तपासून घ्या.

गिझरचा रोजचा शत्रू म्हणजे क्षार. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. ते तापलं की क्षाराची पांढरी साल कांडीवर चढते. उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, पाणी तापायला वेळ लागतो आणि कांडी आतल्या आत भाजून फुटते. आमची कांडी काढली, तेव्हा ती चुन्यात बुडवल्यासारखी दिसत होती. जड पाण्याच्या गावात वर्षातून एकदा, एरवी दोन वर्षांनी साफसफाई करून घ्यावी. वीज मुख्य ठिकाणी बंद, पाणी बंद, गिझर थंड, मग टाकी रिकामी. कांडी सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून साफ होते. तळाचा गाळ धुवावा, गॅस्केट नवी घालावी.

त्याच वेळी पुष्कळ गिझरमध्ये असणारी मॅग्नेशियमची सळई पाहावी. टाकीऐवजी ती स्वतः झिजते, तीच तिची नेमणूक. ती संपली, की गंज टाकीला लागतो. लालसर पाणी ही त्याची खूण. टाकीच गळू लागली, तर ठिगळ लावू नये, गिझर बदलावा.

खर्चाचं थोडक्यात: 25 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला साधारण एक युनिट वीज आणि अर्धा तास लागतो. दिवसभर चालू ठेवण्याचं कारण नाही. 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून मुलांच्या आणि वृद्धांच्या बादलीत आधी गार पाणी घाला. आणि पाणी तापलं, की बटण बंद करून मगच अंघोळीला जा.

त्या दिवशी वायरमनने तार ओढली, कांडी बदलली आणि पुन्हा दिवा लावून दाखवला. या वेळी तो दोन्हीकडे सारखाच पेटला. अम्मीने नळाला हात लावायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. तिला "होय" म्हणताना मला लाज वाटली, ती पहिल्या दिवशी न ऐकल्याची. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस, कामाची बाई किंवा लहान मूल "नळाला मुंग्या येतात" म्हणालं, तर हसू नका. आधी मेन बंद करा. आणि कुणी काही म्हणालं नसेल, तरी या आठवड्यात वायरमनला बोलावून एवढंच विचारा: तिसऱ्या पिनेमागे तार आहे का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)