बेगडाची चांदणी

चमकणारा कागद कोणाला आवडत नाही? ईदच्या आधी मोहल्ल्यात पताका लागतात. त्यांत मधूनच एखादी चंदेरी पताका उन्हात लखलखते. दिवाळीच्या आकाशकंदिलाला सोनेरी पट्टी असते. नवरदेवाच्या सेहऱ्यात आणि बाशिंगात हीच चमक दिसते. मोहरमचे ताबूत आणि गणपतीचे मखर याच कागदाने सजते. बैलपोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतात व त्यावर चमकता कागद चिकटवतात. सण कोणाचाही असो, चमक सर्वांना हवी असते.

या चमकत्या पातळ पत्र्याला मराठीत 'बेगड' म्हणतात. घरी आपण त्याला 'पन्नी' म्हणतो. मिठाईवर लावतात तो चांदीचा पातळ पापुद्रा मात्र वेगळा. उर्दूत तो 'वरक' आणि मराठीत 'वर्ख'. वर्ख खाता येतो, बेगड खाता येत नाही. बेगड या शब्दावरून मराठीत 'बेगडी' असा आणखी एक शब्द तयार झाला. त्याचा अर्थ आहे वरून चकचकीत, पण आतून खोटे. बिचाऱ्या कागदाच्या नावाला हा डाग का लागला असेल? पाठ वाचून झाल्यावर तुम्हीच सांगा.

कागद का चमकतो?

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत फिरतो, म्हणून तो पृष्ठभाग चमकतो. तोच कागद चुरगळला की प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि चमक कमी होते. पूर्वी हाताने बनवलेला कागदसुद्धा गुळगुळीत दगडाने घोटत असत. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. हातकागद करणाऱ्या कागजी कारागिरांवरूनच या गावाला हे नाव मिळाले. घोटले की कागदाला तकाकी येते, ही कारागिरांची जुनी युक्ती आपणही आज वापरणार आहोत.

पोळ्या गुंडाळण्याचा चंदेरी कागद हा खरे तर कागद नाही. तो ॲल्युमिनियम या धातूचा अतिशय पातळ पत्रा आहे. असे पन्नासांहून अधिक पत्रे एकावर एक ठेवले, तरी त्यांची जाडी एक मिलिमीटर होईल न होईल! त्याची एक बाजू जास्त चकाकते आणि दुसरी मंद दिसते. कारखान्यात शेवटच्या वेळी दोन पत्रे एकत्र ठेवून लाटतात. जी बाजू गुळगुळीत रुळाला लागते ती चकाकते. जी बाजू दुसऱ्या पत्र्याला लागते ती मंद राहते.

बाजारातले सगळेच चमकते कागद मात्र धातूचे नसतात. पुष्कळ कागद प्लॅस्टिकचे असतात व त्यांवर धातूचा नुसता हात फिरवलेला असतो. ते कसे ओळखावे? अगदी सोपे आहे. कागद मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. तो चुरगळलेलाच राहिला तर तो धातूचा. हळूहळू उलगडू लागला तर तो प्लॅस्टिकचा. ही मुठीची परीक्षा लक्षात ठेवा. मी ती फार उशिरा शिकले. ती गोष्ट पुढे येणारच आहे.

साहित्य आणि तयारी

डब्यातला वापरलेला चंदेरी कागद, जुन्या वहीचे जाड पान, पुठ्ठा, दोरा, कात्री, पट्टी, पेन्सिल, शाई संपलेले बॉलपेन आणि खळ एवढे साहित्य पुरे. दोन चमचे मैदा एक वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवला की खळ तयार होते. गॅस पेटवण्याचे काम घरातल्या मोठ्या माणसाकडे द्यावे.

प्रथम चंदेरी कागद साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. तो पाटावर पसरा. चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे हलक्या हाताने घोटा. जोर केला तर तो फाटेल. सगळ्या सुरकुत्या जाणार नाहीत, पण कागद पुन्हा उजळेल. आता खळ वहीच्या पानाला लावा, चंदेरी कागदाला नाही. धातू पाणी शोषत नाही, पान शोषते. दोन्ही एकमेकांवर बसवून जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. पुस्तकाला खळ लागू नये म्हणून मध्ये एक कोरा कागद ठेवायला विसरू नका.

आठ टोकांची चांदणी

१. तयार कागदातून १२ सेंटिमीटर बाजूचे दोन चौरस कापा. त्यांतला एक घ्या.

२. चकाकती बाजू आत ठेवून चौरस मधोमध दुमडा आणि उलगडा. तसाच आडवाही दुमडा आणि उलगडा. या झाल्या दोन मधल्या घड्या.

३. आता चकाकती बाजू बाहेर ठेवून समोरासमोरचे कोपरे जुळवा. दोन्ही कर्णांवर अशी घडी घालून उलगडा.

४. प्रत्येक मधल्या घडीवर कडेपासून आत ३ सेंटिमीटर कापा. असे चार काप होतील. मध्यापर्यंत कापू नका, नाहीतर चौरसाचे चार तुकडे होतील.

५. प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना आता एकेक मोकळा पंख दिसेल. कापाच्या आतल्या टोकापासून कोपऱ्यापर्यंत रेघ धरून दोन्ही पंख मागे दुमडा.

६. एका पंखावर खळ लावून त्यावर दुसरा पंख चिकटवा. कोपरा वर उचलला जाईल व त्याचे टोकदार पाते होईल. चारही कोपऱ्यांचे असेच करा. चार टोकांची चांदणी तयार झाली!

७. दुसऱ्या चौरसाचीही अशीच चांदणी करा. दोन्ही चांदण्या पाठीला पाठ लावून चिकटवा. एकीची टोके दुसरीच्या टोकांच्या मधल्या जागेत आली पाहिजेत. एका टोकाला दोरा बांधा आणि चांदणी टांगा.

एक चुकलेला निकाल

आता ती गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन होते. "उद्या दुकानातून चमकी कागद घेऊन या," असे मी फळ्यावर लिहिले. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी ती आली, पण तिचे हात रिकामे होते. मी कारण विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, "टीचर, अम्मी म्हणाली, पगार झाल्यावर घेऊ." पगाराला दहा दिवस होते आणि प्रदर्शनाला चार. फळ्यावर ते वाक्य लिहिताना हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

मी तिला म्हटले, "घरात जे असेल ते आण." तिने शेजाऱ्यांच्या डब्यांतले जुने चंदेरी कागद गोळा केले, धुतले, घोटले आणि वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले. तिची चांदणी थोडी मळकट दिसत होती. तिच्या शेजारी एका मुलाची लाल-सोनेरी झगझगीत चांदणी होती. मी दोन्ही चांदण्या लांबूनच पाहिल्या. झगझगीत चांदणीला पहिला क्रमांक दिला आणि पुढे गेले.

प्रदर्शन तीन दिवस चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय, पहिल्या क्रमांकाची चांदणी फुलासारखी उमलून सपाट झाली होती! तिची एकही घडी जागेवर नव्हती. जुन्या कागदाची चांदणी मात्र जशीच्या तशी ताठ होती. मला काही उमगेना. तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, तो कागद घडी धरत नाही. मुठीत दाबून बघा." मी दाबून पाहिले. कागद माझ्या हातात सरसर उलगडला.

मग मी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मी घाईने निकाल दिला. मी चमक पाहिली, काम पाहिले नाही." क्रमांक बदलला. त्या मुलाचे तोंड उतरले. त्याने घड्या नीट घातल्या होत्या. चूक त्याच्या हातांची नव्हती, कागदाची होती. तेही मी सर्वांना सांगितले. मग त्या मुलीने त्याला आपल्याकडचा उरलेला कागद दिला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर दोन ताठ चांदण्या झुलत होत्या. तेव्हापासून मी फळ्यावर 'दुकानातून आणा' असे लिहीत नाही. 'घरात शोधा' असे लिहिते.

उठावाचे भेटकार्ड

पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या. त्यावर पेन्सिलीने पान, फूल, चंद्रकोर किंवा आपले नाव काढा. रेघांवर खळ लावून जाड दोरा चिकटवा. मराठीत नाव करायचे असेल तर आधी शिरोरेषेचा सरळ दोरा चिकटवा, मग त्याखाली एकेक अक्षर बसवा. दोरा वाळला की सगळ्या पुठ्ठ्याला खळ लावा आणि त्यावर चंदेरी कागद पसरा. कागद पुठ्ठ्यापेक्षा चारी बाजूंनी २ सेंटिमीटर मोठा असावा. कापसाच्या बोळ्याने हळूहळू दाबा. दोऱ्याची नक्षी वर उठून दिसेल. जास्तीचा कागद मागे दुमडा. मोकळ्या जागेत शाई संपलेल्या बॉलपेनने बारीक रेघा ओढा. शेवटी किंचित काळे बूटपॉलिश फडक्याने लावून लगेच पुसून टाका. खळग्यांत काळेपणा राहील आणि उठाव चमकेल. जुन्या चांदीच्या डब्यावरची नक्षीच जणू!

एक सावधगिरी

ॲल्युमिनियममधून वीज वाहते. म्हणून चंदेरी कागदाच्या वस्तू विजेच्या तारांना, बटणांना किंवा दिव्यांच्या माळांना कधीही बांधू नका. पतंगाला चंदेरी शेपूट लावू नका. कात्री वापरताना टोक आपल्यापासून दूर ठेवा. उरलेले तुकडे फेकू नका. त्यांचा गोळा करून भंगारवाल्याला द्या. ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते आणि खाणीतून नवे काढण्यापेक्षा त्याला फारच कमी ऊर्जा लागते.

आता सांगा, बेगड खोटे असते का? बेगड कोणालाही फसवत नाही. त्याच्याखाली घडी पक्की असेल तर ते कामाची शोभा वाढवते. घडी कच्ची असेल आणि नुसती चमकच असेल, तरच त्या वस्तूला 'बेगडी' म्हणावे.

शब्दार्थ

घोटणे – घासून गुळगुळीत करणे. तकाकी – चमक. खळ – पिठाची लेई. बाशिंग – लग्नात कपाळावर बांधायचा अलंकार. हिंगूळ – एक लाल रंग. कर्ण – चौरसाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ. शिरोरेषा – अक्षरांवरची आडवी रेघ. उमगणे – समजणे.

स्वाध्याय

१. वर्ख आणि बेगड यांत काय फरक आहे?
२. खळ चंदेरी कागदाला न लावता वहीच्या पानाला का लावायची?
३. झगझगीत चांदणी सपाट का झाली?
४. 'मी चमक पाहिली, काम पाहिले नाही' असे शिक्षिका का म्हणाल्या?
५. 'बेगडी' हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.

उपक्रम : घरातले पाच चमकते कागद गोळा करा. मुठीची परीक्षा घ्या आणि कोणते धातूचे व कोणते प्लॅस्टिकचे, याचा तक्ता वहीत लिहा.